सभासदांची बाग

मनकर्णाबाई नव्या घरात राहायला आली त्या दिवशी तिनं ओट्यावर उभं राहून चारी दिशांना नजर टाकली. पूर्वेला कपाशीच्या पऱ्हाट्या, पश्चिमेला पऱ्हाट्या, उत्तरेला कच्ची सडक, दक्षिणेला नाला आणि नाल्याच्या पलीकडे नत्थुजी शेतकऱ्याचा गोठा. मधल्या सगळ्या रानात चुन्यानं आकडे रंगवलेले दगड रोवलेले. कुठं बारा, कुठं सतरा, कुठं तेवीस. तिनं नवऱ्याला विचारलं, "मानसं कुठी हायेत वो?"

"येतील," महादेवराव म्हणाले. "आपन पयले आलो, इतकंच."

महादेवराव काळमेघ अकोल्यात एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास होता आणि केशवराव वकिलांच्या बोलण्यावर त्याहून जास्त. बार्शीटाकळीच्या वाटेवरचं नत्थुजीचं वावर 'नवविचार गृहनिर्माण संस्थे'नं घेतलं, त्याचा लेआउट पाडला, मास्तर, कारकून, दोन डॉक्टर असे चाळीसेक सभासद केले आणि वकीलसाहेब अध्यक्ष झाले. पहिल्या सभेत ते म्हणाले, "मित्रहो, शहराच्या बाहेर आपण एक आदर्श नगर वसवणार आहोत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून सगळे आपापल्या भाड्याच्या खोल्यांत परत गेले. एकट्या महादेवरावांनी घर बांधलं.

हे मनकर्णाबाईला कधी पचलं नाही. चाळीस माणसांत एकालाच वेड लागतं आणि तो नेमका आपला नवरा निघतो, याचं तिला नवल वाटे. काळ्या मातीत पाया धरेना. पहिल्याच उन्हाळ्यात जमीन भेगाळली आणि मागच्या भिंतीला हात जाईल एवढी फट पडली. पिण्याचं पाणी नत्थुजीच्या विहिरीवरून. संध्याकाळ झाली की कोल्हे. आणि नवरा रोज जेवताना म्हणणार, "पुढच्या साली पाहजो तू."

सभासद दर रविवारी येत. सायकलवरून यायचं, आपल्या आकड्याचा दगड जागेवर आहे का ते पाहायचं, त्याला पायानं हलवून बघायचं आणि काळमेघांच्या ओट्यावर चहा पिऊन परत जायचं. मनकर्णाबाई म्हणायची, "आले दगडाले भेटाले. देवळात इतक्या नेमानं जात नसतील."

वकीलसाहेब मात्र टांग्यानं येत आणि पाहुणे घेऊन येत. ते शहराच्या मध्यात, स्वतःच्या दुमजली बंगल्यात राहत. पांढरं धोतर धुळीला लागू नये म्हणून एका हातानं उचललेलं, दुसऱ्या हातात काठी. लेआउटच्या मधोमध एक मोठी मोकळी जागा ठेवली होती. तिथं उभं राहून काठी फिरवत ते पाहुण्यांना सांगत, "ही बाग. इथे कारंजे. त्या बाजूला मुलांना झोके." नत्थुजीच्या म्हशी कारंज्याच्या जागी रवंथ करत बसलेल्या असत.

एकदा मनकर्णाबाईनं चहा देता देता विचारलं, "साहेब, तुमी कदी येता राहाले?"

"येणार की, वहिनी. जरा वस्ती होऊ द्या."

"वस्ती कोन करन मंग? म्हशी?"

पाहुणे हसले. वकीलसाहेबही हसले, पण टांग्यात बसताना त्यांनी महादेवरावांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्या रात्री महादेवराव बायकोला म्हणाले, "मोठ्या मानसासमोर जरा सबुरीनं बोलत जाय." ती म्हणाली, "मोठं मानूस आलं की सांगजा."

दुसऱ्या वर्षी किसनराव तायडे आले. तारघरात नोकरीला, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला नागपूरला जाऊन आलेलं घर. बरोबर बायको मैनाबाई. नत्थुजीकडून त्यांना कळलं होतं की संस्थेचे प्लॉट पडून आहेत. रीतसर अर्ज केला, पैसे भरायची तयारी दाखवली. त्याचा विचार करायला कार्यकारी मंडळ बसलं आणि बसलं ते काळमेघांच्याच घरी, कारण लेआउटमध्ये बसायला दुसरं छप्पर नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, "व्यक्तिशः माझी काहीच हरकत नाही. पण संस्था समविचारी लोकांची आहे. इतर सभासदांच्या भावना पाहाव्या लागतात." एक डॉक्टर म्हणाला, जागा शिल्लकच नाही असं कळवून टाका. खिडकीबाहेर रिकाम्या प्लॉटांचे दगड नाल्यापर्यंत पसरले होते. महादेवराव मान खाली घालून बसले. मनकर्णाबाईनं आतून चहाचे कप पाठवले आणि सगळं ऐकलं. बोलली काही नाही.

तायडे खटपट करत बसले नाहीत. नाल्यापलीकडची पट्टी नत्थुजीजवळ उरली होती. त्यांनी आणि त्यांच्यातल्या आणखी चार घरांनी मिळून ती विकत घेतली, खरेदीखत केलं, आणि एका हिवाळ्यात विटांच्या भिंती उभ्या केल्या. घरं एका रांगेत, मधून बैलगाडी जाईल एवढी गल्ली. पुढच्या साली त्यांची विहीर झाली. त्याच्या पुढच्या साली एकानं ओसरीत किराणा मांडला. नवविचार संस्थेत तोवर महादेवरावांखेरीज कुणी एक वीट रचली नव्हती. भाव वाढायची वाट पाहत सगळे दगड सांभाळून होते.

मनकर्णाबाईचं मीठमिरची, रॉकेल, काडेपेटी सगळं नाल्यापलीकडून येऊ लागलं. तिची लेक शालू तिकडच्याच पोरींबरोबर शाळेत जायची आणि संध्याकाळी सगळी पोरं त्या मधल्या जागेत खेळायची, म्हशींना हाकलून. मैनाबाईशी तिचं बोलणं चालणं होतं, पण बेताचं. दोघी एकमेकींना जोखून होत्या.

चौसष्ट साली शहराचा विकास आराखडा निघाला. पुढच्या वीस वर्षांत शहर कुठं वाढेल, कुठं घरं, कुठं कारखाने, कुठं बागा, हे सगळं रंगवून त्याचा नकाशा पालिकेच्या भिंतीवर लावला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. महादेवराव तो पाहून आले आणि जेवायला बसल्यावर आनंदानं सांगू लागले, "आपली बाग नाल्यापलीकडं गेली. मधल्या जागेत आता दहा प्लॉट निघतात. सडक डांबरी होनार हाये म्हंतात, भाव चढून राहिले. वकीलसाहेबांनी संस्थेच्या खर्चानं नकाशा काढून देल्ला होता, तसाच्या तसा घेतला पालिकेनं."

"नाल्यापलीकडं कुठी?"

"तठीच. मोकळ्या पट्टीत."

"तठी तं तायडे राहते."

"नकाशात मोकळी जागा हाये."

मनकर्णाबाईनं हातातली पोळी ताटात ठेवली. "मंग मैनाबाई रोज सकाळी कुठून येते, आभायातून? आन ज्या दुकानातलं मीठ खाऊन राहिले तुमी, ते कोन्या गावात हाये?"

महादेवराव म्हणाले, सभेत एकमतानं ठरलं आहे.

"तुमी हात वर केला?"

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी पाण्याचा गडू उगाच इकडचा तिकडे केला. "पोट्ट्याईले शिकवता ना तुमी, नागरिकाची कर्तव्यं? काय शिकवता त्याईले? हात वर कराले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाला ओलांडून गेली. मैनाबाई ओसरीत गहू निवडत होती. तिला नकाशाचं कळलं होतं. किसनरावांनी आणि गल्लीतल्या सगळ्यांनी हरकती लिहून ठेवल्याही होत्या.

"मीबी लिवतो म्हटलं," मनकर्णाबाई म्हणाली.

मैनाबाईनं सुपातून नजर काढली नाही. "आमच्या अर्जाची मीटिंग तुमच्याच घरात झाली होती, मास्तरीणबाई. चहा तुमीच केला होता."

"व्हय."

"तवा बोलल्या नाई. मंग आता काहून?"

रस्ताभर तिनं मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं या बाईसमोर पोकळ वाटू लागलं. शेवटी ती म्हणाली, "खरं सांगू? तुमच्यासाठी नाई लिवत मी. मले तो वकील पाह्यला की मस्तकात तिडीक जाते. एक दिवस राह्यला नाई अठी, आन मले सांगते मी कुठी राहून राहिली ते."

मैनाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. मग ती हसली, पण गोड नव्हे. "हे बरं सांगतलं. उपकार कराले आल्या असत्या तं ओसरीवरूनच परत धाडलं असतं. आमी आमचं पाहून घेऊ. तुमचं तुमी लिवा."

ती लिहायला बसली तेव्हा महादेवराव घरभर फेऱ्या मारत होते. 'सभासदाच्या पत्नीनं संस्थेविरुद्ध' एवढंच त्यांनी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायचं त्यांना धाडस झालं नाही. चुका मात्र त्यांनीच दुरुस्त करून दिल्या. 'विरुद्ध' तिनं ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं होतं आणि ते त्यांच्या डोळ्यांना सहन होईना.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. नगररचनेचे अधिकारी पुण्याकडचे, बारीक चणीचे, सकाळपासून ऐकून ऐकून कंटाळलेले. वकीलसाहेब पहिल्या खुर्चीत. त्यांनी सुंदर भाषण केलं. शहराचं फुफ्फुस, स्वच्छ हवा, उद्याची पिढी. मधली जागा कुणी वापरत नाही, असंही ते म्हणाले. नाल्यापलीकडे काय आहे असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चार तात्पुरत्या झोपड्या असतील. मोबदला देऊन हलवता येतील."

किसनराव तायडे उठले. आवाज न चढवता त्यांनी खरेदीखताचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, घरपट्टी भरतो तेही सांगितलं. अधिकारी ऐकत होते की नुसते कागद चाळत होते ते कळत नव्हतं. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं आणि मनकर्णाबाई उभी राहिली. सभागृहात ती आणि मैनाबाई अशा दोनच बाया.

"बाई, आपली मिळकत बाधित होत नाही," अधिकारी कागद पाहून म्हणाले. "आपलं यात काय जातं?"

"माह्यं कायबी जात नाई."

"मग हरकत कशाबद्दल?"

"मी तठी राहतो, साहेब. म्हून." तिनं पदर खोचला. "अठी जितके बसले ना, संस्थेचे, याईतला एकबी तठी राहत नाई. रविवारी येतात, दगड पाहतात, माह्या घरचा चहा पेतात आन जातात. वकीलसाहेब तं टांग्यातून खालीबी उतरत नाईत चिखल असला तं. ज्याईनं तठी एक रात्र काढली नाई, त्याईनं घरं झोपड्या केले आन म्हशीच्या जागेवर प्लॉट पाडले. कुठी बसून काढला हा नकाशा? याईच्या बंगल्याच्या वऱ्हांड्यात बसून."

मागच्या बाकांवर हशा झाला. वकीलसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते वळून म्हणाले, "महादेवराव, हे काय आहे? एका घरात दोन मतं?"

महादेवराव शेवटच्या रांगेत बसले होते. ते उठले, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, "घर माह्या नावावर हाये, साहेब. तोंड तिच्या नावावर."

सगळं सभागृह हसलं. अधिकारीसुद्धा. मनकर्णाबाईला मात्र नवरा आपल्या बाजूनं बोलला की हळूच अंग काढून बसला, हे नीट उमगलं नाही. पण इतक्या माणसांत उभा तरी राहिला, एवढं तिनं त्याच्या खात्यावर मांडलं.

त्याच संध्याकाळी अधिकारी जीप घेऊन जागा पाहायला आले. वकीलसाहेब बरोबर. शाळा सुटली होती आणि मधल्या जागेत पंधरावीस पोरं खेळत होती, धुळीचा लोट उठलेला. जीप थांबली तशी पोरं तिच्याभोवती जमली.

"आपण म्हणालात, ही जागा कुणी वापरत नाही," अधिकारी म्हणाले.

"ही आमच्या सभासदांची मुलं नाहीत, साहेब."

"मग सभासदांची मुलं कुठे आहेत?"

"सभासद अजून राहायला यायचे आहेत."

ओट्यावरून ऐकणाऱ्या मनकर्णाबाईला वाटलं, आपण वर्षानुवर्षं बोलून जे झालं नाही ते या वकिलानं स्वतःच्याच तोंडानं एका वाक्यात करून टाकलं. हुशार माणूस मूर्ख निघाला की तिला त्याची कीव येत नसे. उलट गंमत वाटे.

मंडळी नाला उतरून पलीकडे गेली. मनकर्णाबाईही मागोमाग गेली. अधिकाऱ्यांनी गल्लीत उभं राहून विटांच्या भिंती पाहिल्या, विहिरीत डोकावून पाहिलं, किराण्याच्या दुकानातल्या बरण्या पाहिल्या. मैनाबाई दारात आली. तिनं बसा म्हटलं नाही.

"साहेब, तुमच्या नकाशात आमचं घर कोन्या रंगात हाये?"

"हिरव्या."

"आन वकीलसाहेबाचं?"

"पिवळ्या."

"पिवळ्या रंगात काय करतेत?"

"राहायचं असतं. ती रहिवासाची जागा."

"आन हिरव्यात?"

वकीलसाहेब काठीनं ढेकूळ फोडत म्हणाले, "साहेब, नियोजन म्हणजे शेवटी उद्याचा विचार. आजच्या चार घरांसाठी..."

"पाच," मैनाबाई म्हणाली. "मोजता येत नसन तं परत फिरून या."

जीप गेली तेव्हा दिवस बुडाला होता. वकीलसाहेब जीपमध्ये मागे बसले होते आणि जाताना त्यांनी काळमेघांच्या ओट्याकडे मान वळवली नाही. त्यानंतर रविवारचे टांगे बंद झाले. मनकर्णाबाईला दूध पुरू लागलं.

निकाल यायला दुसरा पावसाळा उजाडला. बागेचा हिरवा रंग पुन्हा मधल्या जागेवर आला आणि तायड्यांची गल्ली पिवळी झाली. सगळंच सरळ झालं असं मात्र नाही. पहिल्या नकाशात गल्लीच्या जागेवरून तीस फुटी रस्ताही दाखवला होता, तो कायम राहिला. टोकाच्या घरचा सूर्यभान खंडारे, त्याचं अर्धं आंगण आणि आंगणातलं लिंबाचं झाड त्यात गेलं. त्यानं मोबदल्यासाठी किती चकरा मारल्या त्याला गणती नाही.

सडक डांबरी झाली तसे दगडवाले सभासद जागे झाले. एकेक घर उठू लागलं. नव्या बायका आल्या आणि आल्याबरोबर तक्रार करू लागल्या की पलीकडची पोरं इकडे फार येतात. त्यातली एक मनकर्णाबाईच्या ओट्यावर येऊन हेच सांगू लागली तेव्हा ती म्हणाली, "बाई, ते पोट्टे अठी पयले आले. तुमी मंग आल्या." ती बाई परत ओट्यावर आली नाही.

सदुसष्टात पालिकेनं त्या जागेला कुंपण घातलं, कडुनिंबाची रोपं लावली, दोन बाकं ठेवली आणि बागेचं उद्घाटन ठरवलं. वकीलसाहेब तोवर पालिकेवर निवडून गेले होते. फाटकाशी दगडी पाटी बसवली, तिच्यावर त्यांचं नाव आणि खाली 'यांच्या अविरत प्रयत्नांतून'. मंडप घातला, ध्वनिक्षेपक लावला. व्यासपीठावर वकीलसाहेब, पालिकेचे दोघंचौघं, दोन्ही डॉक्टर. वकीलसाहेबांनी मोठ्या मनानं महादेवरावांनाही वर बोलावलं, "या वसाहतीचे पहिले रहिवासी." महादेवरावांनी गर्दीत बायकोकडं पाहिलं. तिनं मानेनं हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. ते गेले आणि कडेच्या खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसले. गळ्यात झेंडूचा हार पडला तेव्हा त्यांचा चेहरा इतका कसनुसा झाला की मनकर्णाबाईला हसू आवरेना.

ती मागे, कुंपणाला टेकून उभी होती. शेजारी मैनाबाई होती. खुर्च्या पुढच्यांना होत्या.

वकीलसाहेब बोलत होते. "मित्रहो, हे स्वप्न मी प्रथम पाहिलं तेव्हा इथे केवळ रान होतं. विरोध झाला. अज्ञानातून झाला. पण मी डगमगलो नाही. या बागेचा इंचही मी सोडला नाही."

टाळ्या झाल्या. मैनाबाईनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. "खोटं बोलाले दम लागत नाई का वो याले?"

"खोटं बोलून नाई राह्यला तो," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याले खरंच तसं वाटते. तेच तं."

भाषण शहराच्या भविष्याकडं वळलं. वीस वर्षांनी इथं काय काय होईल ते वकीलसाहेब हवेत हात फिरवून दाखवू लागले. व्यासपीठावर महादेवराव हाराखाली मान खाजवत होते.

"पाच वाजून राहिले," मैनाबाई म्हणाली. "नळ येईन."

"चाला."

दोघी कुंपणाच्या कडेकडेनं निघाल्या. मागून ध्वनिक्षेपक ओरडत होता. पालिकेच्या नव्या नळाशी आधीच बायांची रांग लागली होती आणि सूर्यभानची बायको पुढं जागा धरून दोघींना हात करत होती.